जोडाचा फोटो आला, पण ग्रेन कुठे आहेत?

प्रश्न आर्वी तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. ती मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या व्हर्टिकल मिलिंग मशीनवर तिच्या गटाने 6 मिलिमीटर जाडीच्या 6061-टी6 (उष्णता देऊन कडक केलेला अॅल्युमिनियमचा मिश्रधातू) प्लेटा फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने, म्हणजे फिरतं टूल घुसवून धातू न वितळवता घुसळून, जोडल्या. जोडाचा तुकडा कापून पॉलिश केला, ग्रेन उठून दिसावेत म्हणून केलर रिएजंट या आम्लांच्या मिश्रणात बुडवला आणि नागपूरहून एसईएमचे (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) फोटो काढून आणले. फोटो 5000 पटीचे. त्यात ओरखडे आहेत, पांढरे ठिपके आहेत, काळे खड्डे आहेत. ग्रेन, म्हणजे धातू ज्यांचा बनलेला असतो ते बारीक स्फटिक, मात्र नाहीत. गाइड म्हणतात, मॅग्निफिकेशन वाढवा. ती विचारते, "सर, 20,000 पटीवर दिसतील का? की टीईएमच (पातळ कापाच्या आरपार पाहणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) करावं लागेल? बाबांनी कपाशीच्या चुकाऱ्यातून पैसे दिले होते, पुन्हा मागायची हिंमत होत नाही."

बेटा, 20,000 वर दिसणार नाहीत, 50,000 वरही नाहीत. आणि बाबांकडे पुन्हा पैसे मागायची वेळ बहुतेक येणार नाही, कारण तुला हवं असलेलं बरंचसं तुझ्याच कॉलेजात दिसू शकतं. मी 31 वर्षं धातूचे नमुने घासतो आहे, त्यातला निम्म्याहून जास्त काळ अॅल्युमिनियमचे. हा प्रश्न दरवर्षी चार-पाच मुलं विचारतात आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, म्हणून जरा लांबून सांगतो.

आधी आकाराचा हिशेब. 5000 पटीला फोटोची रुंदी साधारण 25 मायक्रॉन भरते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रोल केलेल्या 6061 प्लेटमधला एक ग्रेन लांबीच्या दिशेने सहज 50 ते 100 मायक्रॉनचा असतो. म्हणजे तुझ्या अख्ख्या फोटोत एक ग्रेनसुद्धा मावत नाही. वावराच्या मधोमध उभं राहून धुरा, म्हणजे बांध, शोधावा तसं झालं ते. जोडाच्या मधला जो घुसळलेला भाग, ज्याला नगेट म्हणतात, तिथे ग्रेन बारीक असतात, बहुधा 2 ते 10 मायक्रॉनचे. तिथल्या फोटोत तरी दोन-चार धुरे यायला हवे होते. ते का आले नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

तू आर्वीकडची, म्हणून वावराचंच घेऊ. चौफुलीवर, म्हणजे उभ्या-आडव्या सरळ ओळींत, लावलेली कपाशी एसटीच्या खिडकीतून पाहिली असशील. बस पुढे सरकते आणि अचानक एक तास, म्हणजे दोन ओळींमधली मोकळी पट्टी, उघडतो, थेट पलीकडच्या धुऱ्यापर्यंत माती दिसते. पुढच्या क्षणी तो मिटतो आणि नुसती हिरवी भिंत उरते. आणखी थोडं पुढे गेलं की तिरकस ओळी उघडतात. शेजारच्या वावरात पीक तेच, माती तीच, पण लावणी जरा वेगळ्या दिशेने झालेली असते, म्हणून तिथले तास वेगळ्या क्षणी उघडतात. अॅल्युमिनियमचे अणू असेच ओळींत बसलेले असतात. घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि सहा बाजूंच्या मध्यावर एकेक. त्या घनाची कड 0.405 नॅनोमीटर. एक ग्रेन म्हणजे एका दिशेने लावलेलं एक वावर. शेजारच्या ग्रेनमध्ये तेच पीक, फक्त तासांची दिशा निराळी. दोघांच्या मध्ये धुरा, म्हणजे ग्रेन बाउंड्री.

आता हे नीट धरून ठेव, पुढचं सगळं यावर उभं आहे. दोन ग्रेनमध्ये फरक फक्त दिशेचा आहे. दोघांचं रसायन एक, घनता एक, पॉलिश केल्यावर उंचीही एक. एसईएमचा नेहमीचा सेकंडरी इलेक्ट्रॉन फोटो मुख्यतः उंचसखलपणा दाखवतो. चांगल्या पॉलिशवर उंचसखल काही नसतं, म्हणून फोटो कोरा येतो. वाईट पॉलिशवर ओरखडे असतात, म्हणून ओरखडे येतात. यंत्राने त्याचं काम चोख केलं आहे. त्याला दिशा विचारलीच गेली नव्हती.

मग केलरचं काय? केलर म्हणजे 95 मिलिलिटर पाण्यात 2.5 नायट्रिक, 1.5 हायड्रोक्लोरिक आणि 1 हायड्रोफ्लोरिक. तांबं असलेल्या 2024 सारख्या मिश्रधातूवर ते छान चालतं. 6061 मध्ये ते लोखंड-सिलिकॉनयुक्त कणांच्या भोवतालचा भाग आधी खातं आणि धुरे पुसट सोडतं. तुझ्या फोटोतले काळे खड्डे म्हणजे बहुतेक तीच खाल्लेली जागा, आणि पांढरे ठिपके म्हणजे न खाल्ले गेलेले लोखंडाचे कण. जास्त वेळ बुडवून ठेवलंस तर खड्डे वाढतील, धुरे उठून येणार नाहीत.

इथे थांबून एक गोष्ट काळजीने सांगतो. त्या बाटलीतलं हायड्रोफ्लोरिक आम्ल पातळ केलेलं असलं तरी साधं आम्ल नव्हे. ते कातडीवर पडल्यावर लगेच झोंबत नाही. काही तासांनी, कधी रात्री, आतून ठणका सुरू होतो, तोवर फ्लोराइड खोल गेलेलं असतं आणि शरीरातलं कॅल्शियम ओढत असतं. त्यावर लावायला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लागतं. ते लॅबच्या कपाटात नसेल तर ती बाटली उघडायचीच नाही, गाइडने सांगितलं तरी नाही. शहरात चूक झाली तर मोठं हॉस्पिटल जवळ असतं. आपल्याकडे पहिला तास रस्त्यातच जातो.

आता मूळ दुखण्याकडे येतो, घासण्याकडे. अॅल्युमिनियम मऊ आहे. पेपरवर घासताना नुसता ओरखडा पडत नाही, ओरखड्याखालचा काही मायक्रॉनचा थरही चेंगरतो. त्या थरातले तास विस्कटलेले असतात. वखर फिरवून मोडलेल्या वावरात ओळीची दिशा कशी कळणार? वरून आरशासारखं चमकणारं पॉलिशसुद्धा खाली असा चेंगरलेला थर लपवून बसलेलं असतं. डोळ्याला आरसा दिसतो, इलेक्ट्रॉनला चिखल.

तुकडा जोडाला आडवा काप, जोडाच्या दोन्ही बाजूंची मूळ प्लेट त्यात यायला हवी. हॅकसॉ चालेल, पण पाणी सोडत सोडत. कापण्याआधी अॅडव्हान्सिंग बाजूला, म्हणजे टूलचं फिरणं आणि सरकणं एकाच दिशेने असतं त्या बाजूला, कानशीने एक खाच मार (दुसरी ती रिट्रीटिंग). टूल फिरतं एका दिशेने आणि सरकतं पुढे, त्यामुळे जोडाच्या दोन बाजू सारख्या नसतात. अॅडव्हान्सिंग बाजूला नगेटची कड चाकूने कापल्यासारखी स्पष्ट येते, रिट्रीटिंग बाजूला ती विरत जाते. खूण नसेल तर माउंट झाल्यावर, म्हणजे नमुना प्लास्टिकच्या गोळ्यात बसवल्यावर, कोणती बाजू कोणती हे ओळखणं अवघड होऊन बसतं. बेकेलाइटच्या गरम माउंटिंगमध्ये 150 अंशांच्या वर तापमान जातं. त्याने ग्रेन बदलत नाहीत, पण 6061 च्या आतले बारीक अवक्षेप, म्हणजे धातूला ताकद देणारे सूक्ष्म कण, बदलू शकतात. म्हणून हार्डनेस घ्यायची असेल तर कोल्ड माउंट वापर. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे कोल्ड माउंटची पावडर बघता बघता घट्ट होते आणि आत फुगे राहतात, तेव्हा हे काम सकाळी सातच्या आत उरक.

पेपर 400, 600, 800, 1200 असे. नमुना प्रत्येक पेपरला 90 अंश फिरवायचा. मागच्या पेपरचे ओरखडे दिसेनासे झाले की थांबायचं नाही, तेवढाच वेळ अजून घासायचं, कारण ओरखडा गेला तरी त्याच्या खालचा चेंगरलेला थर राहतो. 1200 च्या पेपरवर आधी साधी मेणबत्ती घास. पेपरचे कण मऊ अॅल्युमिनियममध्ये रुततात, मेणामुळे ते प्रमाण फार कमी होतं. मग कापडावर 3 मायक्रॉन डायमंड, मग 1 मायक्रॉन. कापड नवं घे. ज्या कापडावर गेल्या सत्रात कोणी पोलाद पॉलिश केलं असेल त्यावर तुझा नमुना ठेवू नकोस.

शेवटचं पाऊल कोलॉइडल सिलिकाचं, 0.05 मायक्रॉनचं. तुमच्या लॅबमध्ये ते नसेल, तेवढी एक बाटली कॉलेजकडून मागवून घ्या. ही खर्चातली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. हे द्रावण अल्कधर्मी असतं. ते घासतंही आणि किंचित खातंही, त्यामुळे चेंगरलेला थर नवा चेंगर न घालता निघतो. हाताने 15-20 मिनिटं, अगदी हलक्या दाबाने. बोटाला आधी कापड ओढल्यासारखं लागतं, थर निघत आला की नमुना कापडावर लोण्यावरून सरकल्यासारखा चालतो. तो बदल बोटाला कळतो, घड्याळाला कळत नाही. शेवटचा अर्धा मिनिट फक्त भरपूर पाणी. सिलिका नमुन्यावर वाळली तर ती निघत नाही, मग पुन्हा 1 मायक्रॉनपासून सुरुवात. लोडशेडिंगची वेळ माहीत करून घे आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेव. चाक थांबलं की त्याच क्षणी नमुना पाण्यात.

पाण्याचंही सांगतो. आपल्या बोअरचं पाणी जड आहे. कूलरच्या जाळीवर उन्हाळ्यात जो पांढरा थर बसतो तोच थर तुझ्या नमुन्यावर बसेल, आणि फोटोत तो धातूचा भाग वाटेल. पेपरवर बोअरचं पाणी चालेल, डायमंडपासून पुढे डिस्टिल्ड पाणीच. मग अल्कोहोल आणि थंड हवा. पुसायचं नाही.

असा नमुना हाती आला की पहिला मायक्रोस्कोप तुमच्या लॅबमधला साधा मेटलर्जिकल मायक्रोस्कोप. त्याच्या पेटीत दोन छोट्या काळ्या चकत्या असतात, पोलरायझर आणि अॅनालायझर. बहुतेक कॉलेजांत त्या डबीतून कधी बाहेर निघालेल्याच नसतात. त्या शोध. मग बार्करचं द्रावण, म्हणजे 200 मिलिलिटर पाण्यात 48 टक्क्यांचं फ्लुओबोरिक आम्ल 5 मिलिलिटर. यातही फ्लोराइड आहे, हातमोजे, चष्मा आणि जेलचा नियम इथेही तोच. स्टेनलेस स्टीलची पट्टी निगेटिव्हला, नमुना पॉझिटिव्हला. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधला 0 ते 30 व्होल्टचा डीसी पॉवर सप्लाय मागून आण, त्यावर 20 व्होल्ट लाव आणि दीड ते दोन मिनिटं ठेव. माउंटच्या मागून धातू लागेपर्यंत एक भोक पाडून त्यात स्क्रू बसवलास की वायर पकडते. हा छोटा उद्योग टाळून मुलं चिमट्याने कडेला पकडतात, संपर्क सुटतो आणि अर्धा नमुना कोरा राहतो.

बाहेर काढल्यावर नुसत्या डोळ्याला काही विशेष दिसणार नाही, किंचित धुरकट वाटेल. मायक्रोस्कोपखाली साध्या प्रकाशातही काही नाही. मग दोन्ही चकत्या काटकोनात फिरव. जिथे सपाट राखाडी होतं तिथे एकदम काळी, पांढरी, करडी वावरं उमटतात, आणि टिंट प्लेट असेल तर जांभळी, निळी, पिवळी. मूळ प्लेटमध्ये लांबट, दाबलेले ग्रेन. जोडाकडे सरकलीस की तेच ग्रेन वरच्या बाजूला वळू लागतात, नांगर वळवताना तास वळतो तसे, आणि मग नगेटची कड येते आणि त्यापलीकडे सगळं बारीक भुरभुरीत. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाश्ता विसरून दीड तास स्टेज इकडून तिकडे सरकवत बसलो होतो. तुला जोडाची सगळी गोष्ट या एका नमुन्यात 50 ते 500 पटीत दिसेल.

फ्लोराइड नकोच असेल तर वेकचा रिएजंट आहे. 100 मिलिलिटर पाण्यात 4 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि 1 ग्रॅम कॉस्टिक सोडा, ताजं बनवलेलं. त्यात 10 ते 20 सेकंद नमुना हलवायचा. 6061 वर तो रंगीत ग्रेन देतो, पोलरायझरही लागत नाही. मला विचारशील तर तुमच्या लॅबसाठी मी आधी हाच सांगेन. पॉलिश कच्चं असेल तर तोही रुसतो, एवढं लक्षात ठेव.

यानंतर एसईएम. आता तेच यंत्र उपयोगी पडेल, पण ऑपरेटरला काय मागायचं ते माहीत हवं. एच केलेला, म्हणजे रिएजंटने खाल्लेला, नमुना नेऊ नकोस, नुसता कोलॉइडल सिलिकाने संपवलेला ने. बॅकस्कॅटर डिटेक्टर, म्हणजे नमुन्यावरून परतणारे इलेक्ट्रॉन टिपणारा, मागायचा. 15 ते 20 किलोव्होल्ट, करंट जास्त, नमुना डिटेक्टरच्या जवळ, 6-8 मिलिमीटरवर, कॉन्ट्रास्ट पूर्ण वर आणि ब्राइटनेस खाली. मॅग्निफिकेशन 500 पासून सुरू. इलेक्ट्रॉन जिथे उघड्या तासात शिरतात तिथे खोल जातात आणि कमी परततात, तो ग्रेन काळा. जिथे तास मिटलेला तिथे जास्त परततात, तो ग्रेन उजळ. हा फरक थोड्याच टक्क्यांचा असतो, म्हणूनच चेंगरलेला थर त्याला पूर्ण पुसून टाकतो.

दिसतं आहे ते ग्रेनच आहेत याची खात्री करायची एक सोपी रीत आहे. स्टेज दोन अंश तिरपी करायला सांग. काही काळे ग्रेन उजळतील, काही उजळ काळे होतील, एसटी पुढे सरकल्यावर तास उघडतात-मिटतात तसे. जे ठिपके स्टेज हलवूनही पांढरेच राहतात ते लोखंडाचे कण. लोखंडाचा अणुक्रमांक 26, अॅल्युमिनियमचा 13, म्हणून ते कोणत्याही कोनातून उजळच दिसतात. सिलिकॉनचा 14 आहे, त्यामुळे सिलिकॉनचे कण या फोटोत अॅल्युमिनियममधून वेगळे काढणं जड जातं, आणि मॅग्नेशियम सिलिसाइड किंचित काळं दिसतं.

ईबीएसडीबद्दल, म्हणजे एसईएममध्येच ग्रेनची दिशा मोजायच्या पद्धतीबद्दल, तू विचारलं नाहीस, पण व्हायवाला कोणीतरी विचारेलच. नमुना 70 अंश तिरपा करतात. परतणारे इलेक्ट्रॉन फॉस्फरच्या पडद्यावर पट्ट्यापट्ट्यांची जाळी उमटवतात. अशा पट्ट्या जपानच्या सेइशी किकुची यांनी 1928 मध्ये अभ्रकावर पाहिल्या, म्हणून त्यांना किकुची पट्ट्या म्हणतात. प्रत्येक पट्टी म्हणजे अणूंच्या ओळींचं एक प्रतल. पट्ट्यांमधल्या कोनांवरून संगणक त्या एका बिंदूवरची तासांची दिशा काढतो, मग पुढचा बिंदू, मग पुढचा. बार्कर सांगतो की शेजारचं वावर वेगळं आहे. ईबीएसडी सांगतं की ते 37 अंशांनी वेगळं आहे. 15 अंशांहून जास्त फरक असला तर तो खरा धुरा मानतात, 2 ते 15 असेल तर एकाच वावरात तास जरासा वळलेला. अॅल्युमिनियममध्ये असले छोटे वळसे खूप असतात, जोडाच्या कडेला तर गर्दीच असते. म्हणून एचिंगने मोजलेला आकडा आणि ईबीएसडीचा आकडा जुळत नाही. त्यात कोणाची चूक नसते, प्रश्नच वेगळा विचारलेला असतो.

हा पडदा जे पाहतो ते पृष्ठभागाच्या वरच्या काही दहा नॅनोमीटरमधून येतं. याचा अर्थ मी एका रात्रीत शिकलो. अनेक वर्षांपूर्वी सहा नमुने घेऊन वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. चार तासांचा स्लॉट तीन महिने वाट पाहून मिळाला होता. नमुने 1 मायक्रॉन डायमंडवर संपवले होते, आरशासारखे होते, मी समाधानी होतो. पडद्यावर एकही पट्टी आली नाही, नुसता धुरकट उजेड. पहिला, दुसरा, तिसरा, सहाही तसेच. ऑपरेटर भला माणूस होता. त्याने मला त्यांच्या पॉलिशिंगच्या खोलीत नेलं, कोलॉइडल सिलिका दिली आणि म्हणाला, एक तरी करून बघा. तासाभराने तोच नमुना पुन्हा आत गेला आणि पट्ट्या उमटल्या. उरलेल्या वेळात एकच मॅप निघाला. तेव्हापासून मी निघायच्या आदल्या दिवशी शेवटचं पॉलिश पुन्हा करतो आणि डबीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून नेतो.

तुला ईबीएसडी करायचंच असेल तर वेळेचा हिशेब आधी मांड. पायरी सरासरी ग्रेनच्या दहाव्या भागाची ठेवतात. नगेटमधला ग्रेन 5 मायक्रॉनचा धरला तर पायरी (दोन बिंदूंमधलं अंतर) 0.5 मायक्रॉन, आणि 200 बाय 200 मायक्रॉनच्या चौकोनाला 1,60,000 बिंदू. यंत्र सेकंदाला 40 बिंदू घेत असेल तर एक तास सात मिनिटं. मूळ प्लेटला 4 मायक्रॉनची पायरी पुरते. 1 मिलिमीटर बाय 1 मिलिमीटरला 62,500 बिंदू, 26 मिनिटं. एकाच पायरीने दोन्ही भाग घ्यायला गेलीस तर एक वाया जाईल. आयआयटी मुंबईत टेक्स्चर आणि ओआयएमची (ग्रेनच्या दिशा मोजण्याची) राष्ट्रीय सुविधा आहे, आणि 2020 पासून आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली अशी यंत्रं शोधून बुक करता येतात. नागपूरला वाडीला अॅल्युमिनियमवरच काम करणारं जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, आपल्यासाठी तेच सगळ्यात जवळचं. गाइडच्या सहीचं पत्र घेऊन आधी तिथे चौकशी कर. विद्यार्थ्यांचा दर वेगळा असेल तर तोही विचार.

कोणी इलेक्ट्रोपॉलिशिंग सुचवेल. परक्लोरिक आम्ल आणि अल्कोहोलने अॅल्युमिनियम सुंदर पॉलिश होतं, मी ते शून्याच्या खाली थंड ठेवलेल्या भांड्यात करतो. तुमच्या लॅबमध्ये 44 अंशांच्या दुपारी ते करायचं नाही. 1947 मध्ये लॉस एंजेलिसला अॅल्युमिनियम पॉलिश करायला ठेवलेलं परक्लोरिक आम्ल आणि अॅसेटिक अॅनहायड्राइडचं मिश्रण तापून फुटलं, 17 माणसं गेली.

टीईएम तुझ्या कामाला लागत नाही. तिथे नमुना 100 नॅनोमीटरच्या आसपास पातळ करावा लागतो, आणि दिसतात ते ग्रेनपेक्षा त्याच्या आतले अवक्षेप. कोणी गॅलियमच्या बीमने पातळ काप काढून देतो म्हणालं तर अॅल्युमिनियमसाठी नको म्हण. गॅलियम 29.8 अंशांना वितळतं, आणि अॅल्युमिनियमच्या धुऱ्याधुऱ्यातून पाटाच्या पाण्यासारखं शिरत जातं. जे पाहायला गेलीस तेच बिघडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यावर तुझ्या रिपोर्टचा निष्कर्ष उभा आहे. तू लिहिलंस की नगेटमध्ये ग्रेन बारीक होतात म्हणून हॉल-पेच नियमाने तिथे ताकद वाढते. हे वाक्य मी अनेक रिपोर्टांत वाचलं आहे आणि 6061-टी6 साठी ते चूक आहे. हॉल यांनी 1951 मध्ये आणि पेच यांनी 1953 मध्ये हा संबंध लोखंड-पोलादावर मांडला. अॅल्युमिनियममध्ये त्याचा जोर फार कमी असतो. 60 मायक्रॉनचे ग्रेन 5 मायक्रॉनचे झाले तर यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो) वीसेक मेगापास्कल वाढेल. उलट अनील केलेल्या, म्हणजे तापवून मऊ केलेल्या, 6061 ची यील्ड स्ट्रेंग्थ 55 च्या आसपास आणि टी6 ची 275 च्या आसपास, म्हणजे 200 हून जास्त मेगापास्कल त्या सुईसारख्या, काही नॅनोमीटर जाड अवक्षेपांनी दिलेले आहेत. टूलखाली तापमान 400 ते 500 अंशांवर जातं आणि नगेटमधले ते अवक्षेप विरघळतात. वीस मिळाले, दीडशे गेले. तुझी हार्डनेस मूळ प्लेटमध्ये 105-110 विकर्स आणि जोडात 60 ते 75 च्या दरम्यान येईल, आणि टेन्साइलचा, म्हणजे ओढून तोडायचा, तुकडा बहुतेक बाजूच्या उष्णताबाधित भागात तुटेल, जिथे ग्रेन मूळ प्लेटसारखेच दिसतात, पण अवक्षेप जाड होऊन निकामी झालेले असतात. ग्रेनचा फोटो तिथे काहीच बदल दाखवत नाही, आणि नेमकी तीच सगळ्यात कमजोर जागा. हे लिहिलंस तर परीक्षक खुर्चीत सरसावून बसतील.

मोजणीला फार सामान लागत नाही. फोटोवर वेगवेगळ्या दिशेने पाच रेषा मार, किती धुरे कापले ते मोज, एकूण लांबीला त्याने भाग. 100 मायक्रॉनच्या पाच रेषा म्हणजे 500, धुरे 96, तर सरासरी छेद 5.2 मायक्रॉन, एएसटीएम ई112 या ग्रेन मोजायच्या प्रमाणपद्धतीप्रमाणे ग्रेन साइज नंबर 12 च्या जवळपास. लांबी स्केल बारवरूनच काढ. "500 एक्स" या आकड्यावर विसंबू नकोस, फोटो वर्डमध्ये ओढून मोठा केला की तो आकडा खोटा होतो, स्केल बार फोटोबरोबर वाढतो. मूळ प्लेटमध्ये ग्रेन लांबट आहेत, तिथे रोलिंगची दिशा आणि जाडीची दिशा असे दोन आकडे वेगळे दे. नगेटमध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखी वर्तुळं दिसतील. ती टूलच्या फेऱ्यांची आहेत, ग्रेन म्हणून मोजू नकोस.

वेकचा किंवा बार्करचा पहिला फोटो निघाला की मला पाठव, खाच असलेली बाजू आणि स्केल बार दोन्ही येतील असा. आणि मिलिंगवरच्या उरलेल्या प्लेटा भंगारात देऊ नका, मूळ प्लेटचा एक तुकडा रोलिंगच्या दिशेला समांतर कापून पॉलिश करावा लागेल.